पाचकोनी खोलीत जातं

निशाला कुठंही गेलं की एक टाळी वाजवायची खोड होती. कुणाचा नवा फ्लॅट बघायला गेलं की बाकीच्या बायका ओटा बघत, नळ सोडून बघत, आणि ही रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभी राहून खणखणीत टाळी वाजवायची. मान तिरकी करून ऐकायची आणि यजमानांना तोंडावर सांगायची, की इथं टीव्ही लावलात तर बातम्या दोनदोनदा ऐकू येतील, आधी पडदे घ्या. यजमानांना काय बोलावं कळायचं नाही. चहा मात्र मिळायचा.

ही खोड तिला कॉलेजात लागली. बाप गारगोटीच्या एसटी डेपोत कंडक्टर. त्यानं पोरीला कोल्हापुरात ठेवून शिकवलं आणि ब्याण्णव साली ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली. एम.एस्सी. राहिली. का राहिली ते सगळ्या घरांत सारखंच असतं, त्याचं रडगाणं इथं नको. तिला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी लागली. मुलांना नळ्या, काटे, तारा काढून देणं आणि परत कपाटात ठेवणं, एवढंच काम. पण ध्वनीचा प्रयोग निघाला की निशा कपाट उघडं टाकून टेबलापाशी येऊन उभी राहायची. पाण्यानं भरलेल्या नळीवर नादकाटा वाजवायचा, पाण्याची पातळी हळूहळू खाली न्यायची, आणि एका नेमक्या जागी नळी अचानक मोठ्यानं बोलायला लागायची. दरवर्षी दोनशे मुलं तो प्रयोग करायची आणि वहीत आकडे लिहून मोकळी व्हायची. निशाला मात्र दरवर्षी अंगावर काटा यायचा.

पंच्याण्णव साली तिचं लग्न झालं. नवरा प्रसेनजीत शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर. दिवसभर वाळू आणि तापलेलं लोखंड, आणि संध्याकाळी आंघोळ करून भीमगीतांच्या गायन पार्टीत. जयंतीच्या महिन्यात तर गडी घरात जेवायलाही सापडायचा नाही, आज या वस्तीत, उद्या त्या विहारात. आवाज पहाडी. पण लग्नानंतर चार दिवसांत निशाच्या ध्यानात आलं, की घरातला खरा गळा त्याचा नाही. तो त्याच्या आईचा आहे.

चिमणाबाई भुदरगड तालुक्यातल्या आपल्या गावातच राहायची. पहाटे उठून जात्यावर बसायची. गावात गिरणी येऊन वीस वर्षं झाली होती, तरी ही रोजच्या भाकरीपुरतं घरीच दळायची, आणि दळता दळता ओव्या गायची. काही तिच्या आईच्या, काही सासूच्या, बऱ्याचशा तिच्या स्वतःच्या. त्यात बाबासाहेब असायचे, पाटी-पेन्सिल असायची, पाणवठा असायचा, नांदायला गेलेली लेक असायची. कुठं लिहिलेलं काही नाही. लिहायला तिला येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना पहाटे उठायचा कंटाळा.

शहाण्णव साली प्रसेनजीतनं उत्साहानं आईला दुसऱ्या गावातल्या एका स्टुडिओत नेलं. निशा बरोबर होती. त्यांनी एसटीतून जातंसुद्धा नेलं होतं, पोत्यात बांधून. स्टुडिओवाल्यानं जातं बघितलं आणि हसला. म्हणाला, दगडाची घरघर माईकला चालत नाही, ते बाहेर ठेवा, ताल मी टाळीनं देतो. चिमणाबाई काचेपलीकडच्या खोलीत उभी राहिली. कानावर मोठाले हेडफोन, समोर माईक, हात मोकळे. हातांचं काय करावं तिला कळेना. जात्याचा खुंटा हातात असला की ओवी आपोआप वर यायची, रहाटाबरोबर पोहरा यावा तशी. रिकाम्या हातांनी काहीच वर येईना. अर्धा तास ती नुसती उभी राहिली. मग हेडफोन काढून स्टुलावर ठेवले आणि बाहेर येऊन आधी जात्याच्या पोत्याला हात घातला.

परतीच्या गाडीत ती एकच वाक्य बोलली. "मशीनला गळा दिला न्हाय म्या, आणि देणारबी न्हाय."

प्रसेनजीतनं विषय सोडला. निशानं सोडला नाही. तिला त्या स्टुडिओवाल्याचा राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त उत्सुकता वाटत होती, की जात्याची घरघर माईकला का चालू नये. घरघर म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज. खालच्या आवाजाला खोली फुगवते, आणि फुगलेला आवाज गळ्याला गिळतो. मग दोष जात्याचा की खोलीचा?

तर खोली. राजारामपुरीच्या गल्ल्या पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ आहेत, पण नाल्याच्या कडेला ती पट्टी संपते आणि उरल्यासुरल्या जागेत जशी जमतील तशी घरं उभी आहेत. दोन हजार दोन साली निशा-प्रसेनजीतनं तिथं दोन मजल्यांचं इवलंसं घर घेतलं. वरची खोली पाचकोनी. एक भिंत तिरपी, वर पत्र्याखाली उतरतं छत, आणि नाल्याच्या बाजूला दोन भिंती जवळ येत येत एका अरुंद टोकाला मिळालेल्या, पानाच्या विड्यासारख्या. कपाट लावावं तर बसत नाही, पलंग टाकावा तर दार उघडत नाही. घरमालक तर लाजत लाजतच ती खोली दाखवत होता. निशानं मध्ये उभं राहून टाळी वाजवली आणि तिथल्या तिथं घर घ्यायचं ठरवून टाकलं. चौकोनी खोलीत टाळी टणटण करत दोन भिंतींत येरझाऱ्या घालते, इथं ती सैरावैरा पळून विझली. वाकडी भिंत आवाजाला परत समोर फेकत नाही, बाजूला ढकलते. गवंड्यानं चुकून पुण्याचं काम केलं होतं.

सुताराला ते पटलं नाही. प्लायवूड मारून खोली चौकोनी करून देतो, म्हणून तो तीनदा येऊन गेला. वाकड्या खोलीत बरकत येत नसते, असंही त्यानं ऐकवलं. निशाच्या घरात असली शास्त्रं छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच नाल्यात गेली होती, त्यामुळं तो तीनही वेळा चहा पिऊनच गेला.

पुढच्या दोन वर्षांत सेकंड हँड कॉम्प्युटर आला, एक चांगला माईक आला, आणि प्रसेनजीतनं कुणाच्या तरी सांगण्यावरून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. तीनशेच्या वर ट्रे. आठवडाभर घराला डिंकाचा वास. निशा सांगत होती, की बाबा, पुठ्ठ्यानं वरचा चरचरीत आवाज थोडा खाल्ला जातो, खालचा हलतही नाही. त्यानं ऐकलं नाही. ट्रे लावून स्वतः गायला बसला, रेकॉर्डिंग ऐकलं, आणि रांजणात तोंड घालून कोणी रडतंय असं वाटून मुकाट्यानं ट्रे उतरवायला लागला. ट्रेमागं झुरळं सापडली ती वेगळीच.

मग निशानं सूत्रं हातात घेतली. कॉम्प्युटरवरून एकच सूर हळूहळू खालून वर चढत नेला आणि खोलीभर हात मागं बांधून फिरली, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखी. एका जागी फळीवरचा तांब्या थरथरायला लागला. नाल्याकडच्या अरुंद टोकात कान नेला तर सूर पोटात घुसत होता. तिनं प्रसेनजीतला हाक मारली, त्याचं डोकं धरून त्या कोपऱ्यात घातलं आणि सूर पुन्हा सोडला. मोल्डरचं पोट थरथरलं. कॉलेजातली पाण्याची नळीच होती ती, फक्त दहा फूट उंच आणि सिमेंटची. आता काय करायचं ते स्वच्छ होतं. हे टोक जमिनीपासून छतापर्यंत कशानं तरी भरायचं. काहीतरी तंतूचं, पोकळ, ज्यात आवाज शिरेल आणि गुंतून मरेल.

आणि घाईसुद्धा होती. चिमणाबाई आता चौऱ्याहत्तरची. दोन हजार पाचच्या संक्रांतीला गावी गेलेल्या निशानं तिला एका ओवीवर अडताना ऐकलं. पुढची ओळ येईना. म्हातारीनं जातं तीनदा नुसतंच फिरवलं, आणि मग दुसरीच ओवी धरली. त्या दिवशी तिनं सासूचे पायच धरले म्हणायला हरकत नाही. माझ्या घरात, जात्यासकट, काच नाही, हेडफोन नाही, असं सगळं कबूल केल्यावर चिमणाबाईनं मान हलवली. पण अट घातली. "एकदाच बसीन, निशे. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर पुन्ना तोंड उघडाय लावायचं न्हाय."

म्हातारी शब्दाची पक्की. एकदा म्हणजे एकदा, हे निशाला माहीत होतं.

कोपरा भरायला काय घ्यायचं, याचं उत्तर संग्रामनं दिलं. संग्राम हा प्रसेनजीतचा फौंड्रीतला दोस्त, गारगोटीकडचा शेतकरी गडी. घरचं गुऱ्हाळ होतं आणि एक टेंपो होता. गुऱ्हाळावर चिपाडाचे डोंगर पडलेले. उसाचा रस काढून उरलेलं ते चिपाड, तंतूचं, हलकं, पोकळ, वाळलेलं. निशानं एक मूठ हातात घेऊन चुरगाळली आणि तिचे डोळे चमकले. पुस्तकात जे जे लिहिलं होतं ते सगळं या चिपाडात होतं. मार्च महिना, गुऱ्हाळ जोरात. संग्रामनं टेंपो भरून ताजं चिपाड आणून दिलं. तिघांनी मिळून ते बारदानाच्या पोत्यांत ठासलं आणि अरुंद टोक खालपासून वरपर्यंत भरून काढलं. समोर फळ्या आणि जुनी लुगडी ताणून बसवली. पुन्हा सूर सोडला. तांब्या गप्प बसला. निशानं प्रसेनजीतच्या पाठीत अशी थाप मारली, की तो चार दिवस तक्रार करत होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी चिमणाबाई आली. जयंती होईपर्यंत राहणार होती. जातं खोलीत मांडलं, सुपात जोंधळे. दुपारचं जेवण उरकलेलं, गल्लीतली दुकानं अर्धी बंद, क्लासची पोरं घरी, रिक्षावाले सावलीला झोपलेले. यापेक्षा शांत वेळ राजारामपुरीत नसते. म्हातारी पदर खोचून बसली, तिनं समोरच्या माईककडे एकदा संशयानं बघितलं आणि खुंटा धरला. जातं फिरलं. घरघर उठली आणि, काय सांगावं, ती खोलीत फुगली नाही. तेवढीच राहिली, जात्याएवढी. तिच्यावर चिमणाबाईचा आवाज उभा राहिला. दाराबाहेर कॉम्प्युटरपाशी बसलेल्या निशानं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

पहिली ओवी झाली. दुसरी निम्मी झाली. आणि एकदम सूर तुटला, जातं थांबलं, आणि आतून लुगडं झटकल्याचा आवाज यायला लागला.

निशा आत धावली. लुगड्याच्या पडद्यामागून, फळ्यांच्या फटीतून काळ्या मुंगळ्यांची एक रांग नव्हे, तीन रांगा निघाल्या होत्या. नाल्याच्या भिंतीतून येऊन त्या चिपाडात शिरल्या होत्या आणि चिपाडातून खोलीत. एक रांग माईकच्या वायरीवर चढली होती. एक सरळ जोंधळ्यांच्या सुपात, आणि तिसरी चिमणाबाईच्या पायांवर. म्हातारी दोन्ही हातांनी पोटऱ्या झाडत होती आणि तोंडानं मुंगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती. ती सगळी शिवीगाळ कॉम्प्युटरवर अगदी स्वच्छ रेकॉर्ड झाली. प्रसेनजीतला हसू फुटलं आणि निशानं त्याच्याकडे असं बघितलं, की ते जागच्या जागी विझलं.

न्हाणीत पाय धुता धुता चिमणाबाईनं सुनेला सुनावलं. तिचा सूर रागाचा नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

"चाळीस हंगाम म्या गुऱ्हाळावर काढल्यात. चुलवाणात चिपाड सारून सारून ह्या हाताचं क्यास जळाल्यात. ताज्या चिपाडात गोडी ऱ्हाती, दोन पावसाळं खाल्ल्याबिगर ती जात न्हाय, ह्ये शेंबडं पोरगंबी सांगंल. तू चार पुस्तकं वाचलीस, त्या संग्रामला इचारलंस. मी का मेलीवती?"

खरंच तिनं विचारलं नव्हतं. जिच्या आवाजासाठी नऊ वर्षं धडपडली, तिला आवाजातलं काही कळत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसांची ही जुनी खोड आहे आणि फिजिक्स शिकलं म्हणून ती जात नाही.

एकदा बसून झालं होतं. चिमणाबाईनं जातं पोत्यात बांधायला काढलं.

दोन दिवस निशा पोती उपसत होती. संग्राम आला, मुंगळे बघून कान धरले, चिपाड परत घेऊन गेला. खोली पुन्हा रिकामी झाली, तांब्या पुन्हा थरथरायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या करत असलेल्या सासूसमोर जाऊन निशा पाटावर बसली आणि तिनं सरळ विचारलं, "आत्ती, त्या कोपऱ्यात काय भरू?"

चिमणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. दुसरी थापली. निशाला वाटलं, ऐकूच आलं नाही. तिसरी भाकरी फुगल्यावर म्हातारी बोलली. लहानपणी शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे, तेव्हाची गोष्ट. रात्री राखणीला बापाबरोबर ती कळपाच्या मध्ये जाऊन निजायची. बाहेर उभं राहिलं तर नुसता गलका. मध्ये जाऊन बसलं, की शेजारचं मेंढरू ओरडलं तरी आवाज तिथंच. "कोरडा हुतो. घुमत न्हाय. मान्साचं बोलणं कसं साफ ऐकाय येतं मेंढरात. त्यांच्या अंगावरची लोकर खाती समदं."

निशा पाटावरून उठली ती तशीच उभी राहिली. लोकर. अर्थातच लोकर. तिला नाचावंसं वाटलं, आणि थोडीशी नाचलीही. आणि मग हळूच विचारलं, की मग बसशील ना पुन्हा.

"लोकर सांगितली," चिमणाबाई म्हणाली. "गानं न्हाय सांगितलं."

तेवढ्यावरच निघावं लागलं. शनिवारी संग्रामचा टेंपो कागल तालुक्यात पिराजी धनगराचा कळप शोधत फिरत होता. पिराजीचं कातरण नुकतंच उरकलं होतं, आणि लोकर बांधाला ढीग लावून पडली होती. घोंगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं, लोकर फुकट नेणाराही कोणी नव्हता. टेंपो भरून पाहिजे म्हटल्यावर त्याला काही वेगळाच संशय आला.

"पावणं, नक्की कशाला म्हनायची?" त्यानं संग्रामला विचारलं.

भिंतीला लावायची आहे, असं संग्रामनं सांगितलं.

पिराजीनं निशाकडे बघितलं, आभाळातल्या एप्रिलच्या उन्हाकडे बघितलं. "भिंतीला थंडी वाजती व्हय कोल्हापुरात?"

निशानं त्याला सगळं समजावलं. म्हातारीची मेंढरातली गोष्टही सांगितली. ती ऐकल्यावर पिराजी गंभीर झाला, म्हणाला बाई बरोबर बोलली, आणि स्वतः पोती भरायला लागला. काळी लोकर जास्त आवाज खाते, असं त्याचं मत होतं. त्याला काही आधार नाही, पण निशानं काळीच घेतली. चौदा पोती. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी संग्रामनं गुळाची एक ढेप त्याच्या बांधावर ठेवली आणि टेंपो वळवला.

पुढचे सहा दिवस गल्लीनं निशाला नावं ठेवली. लोकर धुवायची म्हणजे काय, हे एकदा धुऊन बघितल्याशिवाय कळत नाही. रिठ्याच्या पाण्यात चार चार वेळा बुचकळून काढली तरी मेंढराचा वास जात नव्हता. गच्चीवर, जिन्यावर, शेजारणीच्या कुंपणावरसुद्धा लोकर वाळत होती. शेजारीण म्हणाली, आमच्या घरात कळप शिरल्यासारखं वाटतंय. कॉलेजात निशा जवळून गेली की मुलं नाक हुंगत. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला वाळवून मध्ये मध्ये घातला. चिमणाबाई हे सगळं पायरीवर बसून बघत होती. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. लोकर अशी ठासायची नाही, पिंजून मोकळी भरायची, असं म्हणत ती स्वतः पिंजायला बसली. निशानं काही विचारलं नाही. विचारायची वेळ आणि गप्प बसायची वेळ तिला आता थोडी कळायला लागली होती.

दहा एप्रिल, रविवार. अरुंद टोक वरपर्यंत भरलं. लोकर उरली, म्हणून उत्साहाच्या भरात निशा आणि प्रसेनजीतनं बाकीच्या भिंतींवरही लोकरीच्या चौकटी लावल्या. उतरत्या छताला लावल्या, तिरप्या भिंतीलाही. टाळी वाजवली तर ती हातातच मेली. निशाचा चेहरा लग्नात नव्हता तसा फुलला. साडेअकरा वाजले होते. दुपारी एकला लाईट जाणार होती. त्या वर्षी भारनियमनानं सगळ्यांच्या आयुष्याचं वेळापत्रक ठरवलेलं होतं.

चिमणाबाई जिना चढून आली. कोणी बोलावलं नव्हतं. काय केलंय ते बघायला आले, म्हणाली. मध्ये उभी राहिली, खाकरली, "ए पोरा" अशी कुणाला तरी हाक मारली. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"उशीत तोंड खुपसून गायचं काय मान्सानं? माझा आवाज मलाच परत येईना की."

निशा थबकली. माईकला काय हवं ते तिनं बघितलं होतं. गाणाऱ्याला काय हवं ते बघितलंच नव्हतं. आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाही की माणूस ताणून गातो आणि दहा मिनिटांत घसा धरतो, हे प्रसेनजीतलासुद्धा ठाऊक होतं, पण तो बोलला नव्हता, कारण बायको खुशीत होती. या वेळी निशानं वाद घातला नाही, पुस्तक आठवलं नाही. "कुठलं काढू?" एवढंच म्हणाली.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. चिमणाबाई खोलीभर फिरत हाका घालत होती, कधी भिंतीकडे तोंड करून, कधी छताकडे, आणि सांगेल ती चौकट उतरत होती. तिरपी भिंत सगळी उघडी करायला लावली. छताचं राहू द्या, म्हणाली. कोपऱ्याला हात लावायचा नाही, त्यो गप बसलाय त्येला बसू दे. प्रसेनजीत स्क्रू काढतोय, निशा चौकट धरून जिन्यात नेऊन टाकतेय, संग्राम खालून वर धावतोय. घड्याळात बारा वाजून गेले. दळताना आपलं तोंड तिरप्या भिंतीकडे होईल असं जातं मांडायचं, असा हुकूम झाला. मांडलं. आणखी हातभर डावीकडं. सरकवलं. जातं सरकवताना दोन पुरुषांचे चेहरे लाल झाले.

मग म्हातारी जात्यापाशी बसली. बसते म्हणाली नाही, नाही बसत असंही म्हणाली नाही. जातं नीट बसलंय का बघते, असं पुटपुटत तिनं मूठभर जोंधळे घातले आणि खुंटा फिरवला. निशानं नवऱ्याकडे बघितलं. प्रसेनजीत मांजराच्या पावलांनी मागं सरकला आणि दाराबाहेर जाऊन बटण दाबलं.

जातं एक फेरा फिरलं, दोन फिरलं. चिमणाबाई मान वाकडी करून ऐकत होती, तिरप्या भिंतीवरून परत येणारी आपलीच घरघर. दुसरी मूठ घातली. आणि गळा लागला.

"दळण सरलं गं, हात सुटंना खुंट्याला,
भीमानं लावली गं शाई लेकीच्या बोटाला."

काळ्याकुट्ट लोकरीच्या कोपऱ्यासमोर निशा हालचाल न करता उभी होती. जातं तळाशी बसून राहिलं होतं, गळा त्याच्या वर मोकळा फिरत होता, आणि दोघं एकमेकांच्या वाटेत येत नव्हते. श्वास ऐकू येत होता. दगडाखाली जोंधळा फुटलेला ऐकू येत होता. एकामागून एक सात ओव्या झाल्या, तेव्हा कुठं म्हातारीनं हात थांबवला आणि विचारलं, "धरलं का न्हाय मशीननं?"

प्रसेनजीतनं आत येऊन कबूल केलं. आईच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती गड्याला. ऐकव, म्हणाली. त्यानं ऐकवलं. चिमणाबाई स्वतःचा आवाज जन्मात पहिल्यांदा बाहेरून ऐकत होती. गालावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. निशाला वाटलं आता रडेल, किंवा उठून जाईल.

"म्हातारी बरी गाती," ती म्हणाली. "पन तिसऱ्या ओवीला दम लागलाय तिला. ती परत घिऊया."

निशानं नऊ वर्षं याचीच वाट बघितली होती. तिनं जोंधळ्यांचं सूप सासूजवळ सरकवलं. तिसरी ओवी परत झाली. मग चौथी आधीच्यापेक्षा चांगली येते म्हणून चौथी परत. मग माहेरच्या, मग पाणवठ्याच्या, मग कुणीच कधी न ऐकलेल्या. संक्रांतीला जी ओळ आली नव्हती तीही आली, आणि आल्यावर चिमणाबाई स्वतःच खूश होऊन जात्याला दोन फेरे जास्त देऊन गेली. प्रसेनजीत प्रत्येक ओवी संपली की घाईघाईनं जतन करत होता, एक डोळा घड्याळावर. बारा पंचवीस झाले, पाऊण वाजला, एक वाजला. एक वाजून दोन मिनिटांनी जिन्यातला दिवा विझला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. शेवटची ओवी निम्मी तेवढी गेली. आधीच्या तेवीस हाती लागल्या होत्या.

चिमणाबाईला काहीच कळलं नव्हतं. ती गातच होती. ओवी संपवून तिनं वर बघितलं आणि तिघांच्या तोंडांवरून काय झालं ते ओळखलं.

"लाईट कवा येती?" तिनं विचारलं.

चारला, संग्रामनं सांगितलं.

"मग चारला बसू," चिमणाबाई म्हणाली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि रिकामं सूप सुनेच्या हातात दिलं. "जोंधळं संपलं बघ. दोन शेर निवडून ठेव, अजून लई हायत."